सामारियाच्या घळीतून समुद्रापर्यंत

पहिला दिवस : हानिया

ग्रीसमधल्या पिरेअसहून रात्री सुटलेली बोट पहाटे क्रीट बेटाच्या सूदा बंदराला लागली तेव्हा ताई आणि मी डेकवर शाली गुंडाळून उभ्या होतो. दक्षिणेकडे डोंगरांची मोठी रांग उजेडात येत होती. मे महिना संपत आला होता, तरी माथ्यावर बर्फाचे पट्टे होते. हेच लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. बर्फ वितळल्यावरही हे डोंगर पांढरेच दिसतात, कारण अंगानेच ते चुनखडकाचे आहेत. त्यांतलं सर्वांत उंच शिखर पाख्नेस, २४५३ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. आणि हे शिखर समुद्रापासून सरळ रेषेत फार तर दहा-पंधरा किलोमीटरवर. एवढी उंची एवढ्या थोड्या अंतरात समुद्राला भेटायला उतरते, तेव्हा मध्ये काय होत असेल हे पाहायलाच आम्ही आलो होतो.

सामारियाची घळ. घळ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दरी म्हटलं की डोळ्यांसमोर मोकळं खोरं येतं. घळीत मात्र दोन्ही बाजूंनी कडे अंगावर येतात आणि आभाळाची फक्त पट्टी उरते. भंडारदऱ्याजवळच्या सांदणला जाऊन आलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

सूदाजवळच्या हानिया शहराबद्दल थोडक्यात सांगते. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेलं गोल बंदर, धक्क्याच्या टोकाला दीपगृह, मागे अरुंद गल्ल्या. ताई दिवसभर गल्ल्या फिरली आणि मी एसटी स्टँडसारख्या बसस्थानकावर जाऊन ओमालोसच्या बसची वेळ विचारून आले. संध्याकाळी पहिल्यांदा दाकोस खाल्लं. जवाचा कडक खरपूस टोस्ट पाण्याने जरा ओला करायचा, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं ताजं चीज, वाळवलेला ओरेगानो आणि ऑलिव्ह तेलाची धार. ताईने दोन खाल्ले. पुढचे चार दिवस आम्ही जवळजवळ त्याच्यावरच काढले.

दुसरा दिवस : ओमालोस

बहुतेक लोक हानियाहून पहाटेची बस पकडतात, त्याच दिवशी घळ उतरतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत फिरतात. आम्ही तसं केलं नाही, आणि कुणी जाणार असेल तर माझं सांगणं हेच की आदल्या रात्री वर ओमालोसला राहा आणि उतरल्यावरची रात्र खाली समुद्रकाठी काढा. ताई एकसष्ट वर्षांची आहे, मी चोपन्न. आम्हाला घड्याळाशी शर्यत लावायची नव्हती.

बस फुर्नेसच्या संत्र्यांच्या बागांमधून निघते, लाक्की गावाच्या वळणांवरून चढते आणि मग एकदम ओमालोसचं पठार समोर येतं. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये साधारण हजार मीटर उंचीवर ताटासारखी सपाट जमीन. पावसाचं आणि बर्फाचं पाणी इथून कुठल्याच नदीने बाहेर जात नाही. पठाराच्या कडेला एक गुहा आहे, तिच्या तोंडातून ते जमिनीत शिरतं. चुनखडकाच्या मुलखात पाणी असंच खडकाच्या पोटातून फिरतं आणि कुठेतरी खाली झरा होऊन पुन्हा वर येतं. आमच्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पाण्याला असं गिळत नाही, ते कड्यावरून फेकून देतो.

पठारावर मेंढरं होती आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा. प्रत्येक घंटेचा आवाज निराळा. रात्री जेवणात स्तामनागाथीची भाजी मिळाली, एका काटेरी रानझुडपाचे कोवळे कोंब, नुसते उकडून तेल-लिंबू घातलेले. थोडी कडवट. ताई म्हणाली, "कोवळ्या करडईची भाजी आठवते गं." मलाही तेच वाटलं होतं.

झोपताना आईला फोन केला. ती ऐंशीची आहे. "उद्या डोंगर उतरायचाय, चढायचा नाही," मी म्हणाले. आई म्हणाली, "उतरणं सोपं असतं असं कुणी सांगितलं तुला?"

तिसरा दिवस : घळ

क्सिलोस्कालो हे घळीचं वरचं तोंड, साधारण १२३० मीटरवर. नावाचा अर्थ लाकडी जिना. पूर्वी गावकऱ्यांनी झाडांचे ओंडके लावून वाट केली होती. आता दगडी पायऱ्या आणि लाकडी कठडे आहेत. सकाळी सातला फाटक उघडलं. तिकीट घेतलं की त्याचा तुकडा जपून ठेवायचा आणि तेरा किलोमीटरवर खालच्या फाटकात द्यायचा. किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली याचा हिशेब त्यावरून लागतो, म्हणजे रात्री कुणी आत अडकलेलं नाही हे कळतं. मला ही व्यवस्था फार आवडली. आपल्याकडे पावसाळ्यात ज्या वाटांवर माणसं हरवतात, तिथे एवढं जरी झालं तरी कितीतरी जीव वाचतील.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि समोर गिगिलोसचा कडा उभा राहिला. करडा, उघडा, २०८० मीटरचा. उन्हाची पहिली रेघ त्याच्या माथ्यावर होती आणि आम्ही अजून गार सावलीत. वाट नागमोडी खाली जात होती. पाइन आणि सरूची, म्हणजे सायप्रसची झाडं, काही सरू इतके जुने की खोडाला पीळ पडलेला. हवेत राळेचा वास, आणि पायाखाली एखादं झुडूप चिरडलं गेलं की ओव्यासारखा झणका. पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच निम्मी उंची उतरून होते. आई बरोबर म्हणाली होती. चढताना छाती भरते, पण उतरताना सगळा भार गुडघ्यांवर येतो.

तिसऱ्या किलोमीटरला ताई थांबली. उजव्या गुडघ्यात कळ आली होती. मी क्रेप बँडेज काढलं, तिथेच एका दगडावर बसून घट्ट बांधलं. काठ्या होत्याच. मागून आलेला वनरक्षक थांबला, गुडघ्याकडे बघितलं, मग वरच्या फाटकाकडे आणि खालच्या वाटेकडे हात करून हाताने विचारलं, कुठे? इथे कुणाला चालवेनासं झालं तर खेचरावर बसवून न्यावं लागतं, दुसरा उपाय नाही. ताईने खाली बोट दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "सिगा, सिगा." हळू, हळू. तेवढं ग्रीक आम्हाला येत होतं. त्यानंतर आम्ही खरंच सिगा सिगा चाललो, आणि घळ खऱ्या अर्थाने तेव्हापासून दिसायला लागली.

चौथ्या किलोमीटरच्या आसपास सरूंच्या दाट सावलीत संत निकोलसचं छोटं दगडी देऊळ आहे. बाजूला झरा. वाटेत ठिकठिकाणी असे झरे आहेत, त्यामुळे एक बाटली पुरते, भरत जायचं. पाणी इतकं गार की दातांना झिणझिण्या येतात. इथून पुढे वाट नदीच्या अंगाने जाते. दोन्ही काठांवर मोठी पानं पसरलेली झाडं. हाच तो चिनार, काश्मीरमधला. तीच जात, पूर्व भूमध्य समुद्राच्या काठापासून तिकडेपर्यंत पसरलेली. नदीच्या दगडगोट्यांमध्ये कण्हेर फुलायला लागली होती. गुलाबी, आमच्या परसातली असते तशीच. परदेशात इतकं ओळखीचं झाड दिसलं की माणूस उगाच जवळ जाऊन फुलाला हात लावतो. मी लावला.

सातव्या किलोमीटरला सामारिया गाव.

लाकडी पूल ओलांडून आपण पलीकडे जातो आणि दगडी घरं दिसायला लागतात. काही दुरुस्त करून ठेवली आहेत, रक्षकांच्या आणि औषधोपचाराच्या सोयीसाठी. बाकीच्यांची छपरं गेली आहेत. एका घरात तेलघाण्याचं गोल दगडी जातं तसंच पडलेलं होतं. दुसऱ्या एका घरात चौकट होती, दार नव्हतं आणि आत, जिथे चूल असावी तिथे, अंजिराचं झाड वाढलेलं होतं. भिंतीत एक कोनाडा. त्याच्यावर काजळीचा डाग अजून होता. ताईने त्या डागावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघीही काही बोललो नाही.

१९६२ साली घळ राष्ट्रीय उद्यान झाली आणि इथल्या कुटुंबांना हलवण्यात आलं. त्यामागचं कारण खरंच मोठं होतं. क्री-क्री ही क्रीटची रानबकरी तोपर्यंत दोनशेच्याही खाली आली होती. हे पांढरे डोंगर हाच तिचा शेवटचा मोठा आसरा होता. उद्यान झालं नसतं तर ती बहुधा संपली असती. त्या दिवशी आम्हाला गावातच तीन दिसल्या. एक मादी, फिकट तपकिरी, पाठीवरून काळा पट्टा, वळणदार शिंगं. अंजिराच्या सावलीत उभी राहून पानं खात होती आणि माणसांची तिला अजिबात भीती नव्हती. अभ्यासक सांगतात की ही मुळची रानटी नाही. नवाश्मयुगात माणसांनी होड्यांतून आणलेल्या शेळ्या डोंगरात सुटल्या आणि रानात मुरल्या, त्यांचीच ही पिढी. म्हणजे माणसांनीच आणलेली शेळी राहिली, माणसांना जावं लागलं.

माझं आजोळ जावळीच्या खोऱ्यात होतं. कोयनेच्या धरणाचं पाणी चढायला लागलं ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे याच काळात. आई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. घर, देऊळ, भाताची खाचरं, सगळं शिवसागर जलाशयाखाली गेलं आणि त्यांना ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली. तिथली माती निराळी, पाऊस निराळा. आम्ही लहान असताना आई मिटलेल्या डोळ्यांनी ते घर आम्हाला फिरवून दाखवायची. इथे पडवी, इथे उखळ, इथून पाणंद. सामारियात उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की आईला नेमकं काय मिळालं नाही. इथल्या माणसाला परत येऊन निदान कोनाड्याला हात लावता येतो.

मी उद्यानाच्या विरुद्ध नाही. वीज पाहिजे, पाणी पाहिजे, रानबकरी जगली पाहिजे, हे सगळं मला मान्य आहे. पण घळीवरच्या प्रत्येक फलकावर बकरीचं चित्र आहे, तसं इथे कोण राहत होतं, काय पिकवत होतं, कुठे गेलं, हेही ठळक लिहिलेलं मला हवं होतं.

गावाच्या थोडं पुढे ओसिया मारियाचं, म्हणजे इजिप्तच्या संत मेरीचं चौदाव्या शतकातलं चर्च आहे. ओसिया मारिया, सा-मारिया. गावाचं आणि घळीचं नाव त्या बाईवरूनच पडलं. वाळवंटात एकटी तप करत राहिलेली ही संत, आणि तिचं देऊळ इतक्या पाण्याच्या, इतक्या दाट सावलीच्या जागी.

बारा वाजले तसं ऊन घळीत उतरलं. इथून पुढे कडे जवळ येत जातात. खडकांचे थर दिसतात, पांढरे-करडे, पानाच्या विड्यासारखे घडी पडलेले. आफ्रिकेचं भूपट्ट क्रीटच्या खाली सरकतं आहे, त्यामुळे समुद्रतळाशी साचलेला हा चुनखडक दाबला गेला, मुडपला, वर आला. नदी त्याला त्याच वेळी खाली कापत राहिली. घळ म्हणजे या दोघांच्या चढाओढीची खूण. ही हालचाल अजून थांबलेली नाही. इसवी सन ३६५ च्या भूकंपात क्रीटचा पश्चिम भाग काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत वर उचलला गेला होता. दगड पडण्याच्या जागी पाट्या आहेत, इथे थांबू नका, भरभर चला. ताईला भरभर चालणं शक्य नव्हतं. अशा प्रत्येक पाटीखाली मी तिच्या डोंगराकडच्या बाजूने चालले, त्याचा काही उपयोग नाही हे माहीत असूनही.

अकराव्या किलोमीटरच्या पुढे पोर्तेस, दरवाजे. काहीजण लोखंडी दरवाजे म्हणतात. घळीची रुंदी इथे तीन-चार मीटरवर येते आणि दोन्ही भिंती जवळजवळ तीनशे मीटर सरळ वर. वाट म्हणजे नदीवर टाकलेली लाकडी फळी. वाऱ्याचा झोत समोरून आला, गार, ओला. पुढचे मागचे सगळे लोक आपोआप हळू आवाजात बोलायला लागले होते. मी एका भिंतीला तळवा टेकला. वर उन्हात तापलेला खडक इथे माठासारखा थंड होता आणि पाण्याने घासून घासून इतका गुळगुळीत की हात घसरत होता.

१७७० साली दास्कालोयानिस या पुढाऱ्याने स्फाकियात, म्हणजे याच डोंगराळ मुलखात, तुर्कांविरुद्ध उठाव केला, तेव्हा बायका-मुलांना या घळीत लपवलं होतं. पोर्तेसमध्ये उभं राहिलं की ते कसं जमलं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मूठभर माणसं इथे शेकडोंना अडवू शकतील. आपल्या घाटांच्या नाळा, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद वाटा, अशाच.

ताईने वर बघितलं आणि खूप वेळ मान खाली केली नाही. मग म्हणाली, "गुडघा दुखतोय हे मी विसरलेच होते."

खालच्या फाटकात तिकिटाचे तुकडे दिले तेव्हा अडीच वाजून गेले होते. लोक साधारण पाच-सात तासांत उतरतात, आम्हाला साडेसात लागले. आणि मग सर्वांत कठीण तुकडा, जो आहे हे आम्हाला कळून वळलं नव्हतं. फाटकापासून समुद्रापर्यंत अजून तीन किलोमीटर, सावली नाही, सपाट तापलेला रस्ता. किनाऱ्यावरच्या अगिया रुमेली गावाच्या जुन्या वस्तीची ओस घरं मागे टाकत आम्ही चाललो. एका घराच्या ओट्यावर दहा मिनिटं बसलो, संत्र्याचा रस प्यायलो, पुन्हा उठलो. शेवटी घरांच्या फटीतून निळी रेघ दिसली. लिबियन समुद्र.

काळसर गोटे इतके तापले होते की अनवाणी चालवत नव्हतं. आम्ही बूट काढून जवळजवळ पळतच पाण्यात शिरलो. ताई कमरेइतक्या पाण्यात सलवार-कुर्त्यावर उभी होती, दोन्ही हात पाण्यावर पसरून.

चौथा दिवस : अगिया रुमेली

संध्याकाळची बोट गेली की अगिया रुमेली बदलून जातं. या गावाला मोटाररस्ता नाही. यायचं तर घळीतून, पायवाटेने नाहीतर समुद्रातून. दिवसभराची गर्दी बोटीत चढली आणि अर्ध्या तासात फक्त लाटांचा आणि टिटवीसारख्या कुठल्याशा पक्ष्याचा आवाज उरला.

उतरल्यानंतरचा हा दिवस आम्ही विश्रांतीला ठेवला होता. सकाळी मी एकटी टेकडीवरच्या पडक्या तुर्की किल्ल्यापर्यंत चढून आले. मागे घळीचं तोंड, पुढे मोकळा समुद्र, दूर क्षितिजाला गावदोस बेटाची अंधुक पाठ. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या मे महिन्यात, जर्मन छत्रीसैनिक बेटावर उतरले, तेव्हा ग्रीसचा राजा दुसरा जॉर्ज पांढरे डोंगर ओलांडून याच किनाऱ्यावर आला आणि इथून ब्रिटिश युद्धनौकेने त्याला इजिप्तकडे नेलं.

दुपारी आम्ही राहत होतो त्या खानावळीतल्या आजी आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. नातू इंग्रजीत सांगत होता. जेवणानंतर त्यांनी आपणहून दोन बशा आणल्या, इथे अशी भेट देण्याची रीतच आहे, पैसे विचारले तर राग येतो. बशीत रव्याचा हलवा, ऑलिव्ह तेलात भाजलेला, पाकात शिजवलेला, वर दालचिनी. "अगं, हा तर शिरा!" ताई म्हणाली, आणि आजींनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

आजींचं माहेर सामारियाचं. गाव उठलं तेव्हा त्या तरुण होत्या. मी विचारलं, आठवण येते का? नातवाने विचारलं, आजींनी उत्तर दिलं नाही, उलट आम्हालाच विचारलं. गावातल्या झऱ्याचं पाणी प्यायलात का? आम्ही हो म्हटलं. गार होतं? खूप गार. त्यांनी मान हलवली, आत गेल्या, आणि वाळलेल्या पानांची एक जुडी घेऊन आल्या. दिक्तामोस. मरव्याच्या कुळातली, फक्त क्रीटच्याच कड्यांवर उगवणारी वनस्पती. पानं लहान, गोल, दोन्ही बाजूंनी पांढरी मऊ लव, उंदराच्या कानासारखी. पूर्वी ती गोळा करायला माणसं दोराने कड्यांवर लोंबकळायची आणि पडून मरायची. आता ती बागेतही लावतात. आजींनी कुंडीकडे बोट दाखवलं, ही तिथली. मग हाताने चहाचा कप केला आणि पोटावरून हात फिरवला. तेवढं दोघींनाही कळलं.

पाचवा दिवस : परत

सकाळच्या बोटीने पूर्वेकडे निघालो. लुत्रो हे वाटेतलं गाव, पांढऱ्या घरांची एकच ओळ, तिथेही रस्ता नाही. पुढे होरा स्फाकियोन. १९४१ मध्ये मे अखेरीच्या चार रात्रींत दोस्त राष्ट्रांचे हजारो सैनिक इथून नौकांवर चढले आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते मागे राहून कैद झाले. धक्क्याजवळ त्यांचं स्मारक आहे. आम्ही क्षणभर थांबलो.

बसला तासभर होता. स्फाकियाची पिटा खाल्ली. कणकेच्या गोळ्यात मिझिथ्रा भरायचं, पातळ लाटायचं, तव्यावर भाजायचं आणि वरून थाइमचा मध. पुरण तेवढं निराळं, बाकी कृती घरचीच. ताईने तवा कसा आहे ते आत जाऊन बघितलं.

बस वळणं घेत चढायला लागली आणि समुद्र खाली खाली जात राहिला. वर अस्किफूच्या पठाराजवळ फोनला रेंज आली. मी आईला सगळं सांगितलं. ताईचा गुडघा, पोर्तेस, रानबकऱ्या, चुलीच्या जागी वाढलेलं अंजीर, आजींनी दिलेली पानं. आई मधे बोलली नाही. मला वाटलं, फोन तुटला.

मग म्हणाली, "त्या गावाला पाणी लांबून आणावं लागत होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "झरा अगदी घरांजवळ होता."

"बरं," आई म्हणाली. "आमचाही जवळच होता."